न उघडलेल्या पेवाची किंमत

हिंदुराव फडतरे यांची आणि माझी ओळख झाली, तेव्हा त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत माझ्या सायकलची किंमत केली. सायकल तीनच महिन्यांपूर्वी घेतलेली. मी रोज सकाळी तिला खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसत असे, आणि "एकशे नव्वदला घेतली" हे वाक्य दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवत असे. हिंदुरावांनाही ऐकवलं.

"घेतली कितीला त्ये तुमचं तुमच्यापाशी," ते म्हणाले. "आज, ह्या घडीला, हितं हापिसाच्या दारात इकाय काढली तर कोन घेतंय आन् कितीला घेतंय, त्ये सांगा."

मग त्यांनी चेन हलवून पाहिली, सीट दाबलं, घंटी एकदा वाजवली आणि कान देऊन तिचा नाद विरेपर्यंत थांबले. सतार जुळवणाऱ्या मिरजेच्या कारागिरानंही इतका वेळ घेतला नसता. "एकशे पंचवीस," त्यांनी निकाल दिला. "सीट चांगलं असतं तर एकशे तीस."

ही ओळख एकोणीसशे सत्तर सालची. सांगलीच्या वखारभागात 'कृष्णाकाठ हळद व्यापार कंपनी' या नावाची एक चार टेबलांची कंपनी होती. त्यातल्या एका टेबलावर मी टंकलेखन करत होतो, दुसऱ्यावर हिंदुराव हिशेबनीस म्हणून बसत. तिसरं टेबल चेअरमन लालासाहेबांचं. ते बहुधा रिकामं असे. चौथ्यावर पाण्याचा माठ होता. चौघांत नियमित काम तोच करी.

हिंदुराव साताऱ्याकडचे. फौजेच्या एका मोठ्या डेपोत अठरा वर्षं क्लार्क होते. बंदूक त्यांनी हातात धरली ती बहुतेक तिचा नंबर लिहून घेण्यापुरती. पण फौजेत 'कंडम बोर्ड' नावाचा एक प्रकार असतो. वापरून जुन्या झालेल्या वस्तू रांगेत मांडायच्या, आणि तीन माणसांनी समोर बसून ठरवायचं की हिची आता किंमत काय. बूट, किटल्या, तंबू, घोंगड्या, आणि खेचरंसुद्धा. एका खेचराची गोष्ट हिंदुराव दर महिन्याला सांगत. रजिस्टरात त्याची किंमत बाराशे रुपये होती. हिंदुरावांनी लिहिली ऐंशी. साहेब खवळले. "बाराशेचं जनावर ऐंशीला?" तर हिंदुराव म्हणाले, "सायेब, ते चावतंय." "चावतं हे रजिस्टरात कुठं आहे?" साहेबांनी विचारलं आणि रजिस्टर दाखवायला खेचराजवळ गेले. त्यानंतर साहेबांनी ऐंशीवर मुकाट्यानं सही केली, डाव्या हातानं.

त्या बोर्डानं हिंदुरावांची नजरच बदलून टाकली. जगात ज्याची ज्याची सावली पडते, त्याची त्याची ते आजची किंमत करत. लग्नाच्या पंगतीत बसले की मांडवाची. दवाखान्यात गेले की डॉक्टरांच्या टेबलाची. एकदा त्यांच्या मंडळी शालूबाईंनी आमच्यादेखत विचारलं, "आन् लगीन झालं तवा माजी काय किंमत केली हुती?"

"तवा मला करता येत नव्हती," हिंदुराव म्हणाले. हे उत्तर पुरेसं नाही हे त्यांना रात्रीच्या जेवणापर्यंत कळलं असावं.

आता कंपनीकडे होतं काय, ते सांगायला हवं. दोन हजार शेअर, प्रत्येकी शंभर रुपयांचे. निम्म्याहून जास्त शेअर सातारा भागातल्या निवृत्त फौजींनी घेतलेले, कारण हिंदुराव गावोगाव जाऊन सांगून आले होते. या पैशातून कंपनी पेवांच्या पावत्या घेई.

पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी ऐसपैस असा खड्डा. सांगलीला लागून हरिपूर आहे, तिथल्या मातीत अशी शेकडो पेवं होती. आत कडबा लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष जावो, दोन वर्षं जावोत, हळद आत निवांत. पण एक गोम होती. पेव उघडलं की त्यातली सगळी हळद काढावीच लागे. म्हणून विकायचं ठरल्याशिवाय कुणी पेव उघडत नसे. आतला माल कुणी बघत नसे. विकली जाई ती पावती. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पाचव्याकडे. हळद बिचारी अंधारात, तिला पत्ता नाही की आपले मालक या वर्षात सात वेळा बदलले.

आणि सौदाही डोळ्यांनी दिसत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, हातांवर टॉवेल टाकत आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. भोवती पन्नास माणसं. पण भाव ठाऊक दोघांनाच. बाकीच्यांनी चेहरे वाचायचे. हिंदुराव त्यात तरबेज झाले होते. "कोपर हाललं म्हंजे वर चढला," ते सांगत. "आन् घेनारा आभाळाकडं बघाय लागला म्हंजे सौदा झाला. बायकूला काय सांगायचं, ह्याचा इचार सुरू झाला."

अशी ही कंपनी. तिच्या नियमावलीत एका वकिलानं एक कलम घालून ठेवलं होतं: ज्याला शेअर विकायचे असतील त्यानं आधी कंपनीतल्याच सभासदांना विचारावं, आणि ते 'वाजवी किमतीला' विकावेत. ही वाजवी किंमत हिशेबनिसानं काढावी आणि संचालकांनी मंजूर करावी. सहा वर्षं ते कलम कुणी वाचलं नाही. मग चौऱ्याहत्तरच्या श्रावणात साताऱ्याहून जाईबाई खरात यांचं पत्र आलं.

जाईबाईंचे यजमान केरू खरात डेपोत हिंदुरावांबरोबर होते, कोठारावर. खेचर चावलं त्या दिवशी टिंक्चर आणायला धावले ते हेच. दोघं एकाच साली घरी आले, आणि हिंदुरावांच्या शब्दावर केरूंनी हाती आलेले चार हजार रुपये कंपनीत घातले. चाळीस शेअर. दोन वर्षांपूर्वी केरू आजारानं गेले. तरी दर बुद्धपौर्णिमेला हिंदुराव साताऱ्याला जाईबाईंकडे खीर खायला जात. केरू असताना जात तसेच.

जाईबाई शिवणकाम करत. दोन भाड्याच्या खोल्या, एक हातमशीन, आणि आजूबाजूच्या चार आळ्यांतल्या बायका. पत्रात लिहिलं होतं की घरमालक खोल्या विकतो आहे. पहिला हक्क तुमचा, पण दसऱ्यापर्यंत, असं तो म्हणाला होता. दहा हजार मागत होता. नाही जमलं तर खोल्या सोडायच्या, आणि आळी सुटली की गिऱ्हाइकं सुटली. म्हणून शेअर विकायचे आहेत, भावजी, काय येतील ते कळवा.

हिंदुरावांनी ते पत्र दोनदा वाचलं, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि कामाला लागले.

त्यांची किंमत काढायची रीत त्यांनी मला तेव्हा समजावली. मी पुढं चार नोकऱ्या केल्या, मोठमोठे साहेब पाहिले, पण इतकं सोपं कुणी सांगितलं नाही. "अगदी तश्याच मालाचा आज बाजारात सौदा झाला आसंल, तर तोच भाव. आपली अक्कल मधी घालायची न्हाई. तसा माल नसंल, तर त्येच्या भावाबंदाचा भाव बघायचा आन् फरक काढायचा. ह्ये पेव खालच्या अंगाला हाय, त्ये वरच्या. आन् भाऊबंदबी नसंल तरच आपली अक्कल. पर ती कशी चालवली त्ये कागदावर लिवायचं. म्हंजे दुसऱ्याला शिव्या घालाय सोपं जातंय."

"आणि दोघांतला एक अडलेला असेल तर?"

"मग तो सौदा न्हवं, ती पिळवणूक. घेनारा डोळस, इकनारा डोळस, आन् कुनाच्याच मानंवर सुरी न्हाई. तवा जे ठरंल ती किंमत."

आठ दिवस ते सायकलवरून (माझ्या, एकशे पंचवीसच्या) हरिपूरला जात राहिले. टॉवेलांभोवती उभे राहिले, दलालांना पानं चारली. मग सगळ्या पावत्या आजच्या भावानं धरल्या, देणी वजा केली आणि उत्तर काढलं: एका शेअरचे तीनशे चाळीस रुपये. म्हणजे चाळीस शेअरचे तेरा हजार सहाशे. हिंदुरावांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड टाकलं. फौजेतून आल्यापासून त्यांनी घाईनं केलेलं हे पहिलंच काम.

इकडे लालासाहेबांना सुगावा लागला. लालासाहेब माणूस वाईट नव्हे. दिलदार होते, गणपतीला वर्गणी देताना पावती मागत नसत. फक्त स्वतः घेताना त्यांना प्रत्येक वस्तू स्वस्त वाटे आणि विकताना महाग. हा आजार कमीअधिक आपल्या सर्वांनाच असतो. त्यांचा जरा बळावलेला. ते शेअर त्यांना स्वतःला हवे होते, आणि कागदावर छापलेल्या शंभराला हवे होते. संचालकांची सभा पाच दिवसांवर आली तेव्हा हापिसात एक चिठ्ठी आली. कंपनीचं एक पेव लालासाहेबांनी विकलं होतं. हळदीचा भाव क्विंटलला दोनशे दहा. हरिपुरात त्या दिवशी चारशेला सौदे होत होते.

"घेनारा कोन?" हिंदुरावांनी विचारलं.

चिठ्ठीवर नाव होतं लालासाहेबांच्या मेहुण्याचं.

"मेव्हन्या-दाजीनं टावेलाखाली हात धरला," हिंदुराव म्हणाले, "त्येला सौदा म्हनत न्हाईत. त्येला भाऊबीज म्हनत्यात." आणि चिठ्ठी त्यांनी वेगळ्या फाइलला लावली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सभेचे कागद टाइप करायला मला बोलावलं होतं. हिंदुराव सांगत होते, मी बडवत होतो. मालमत्ता संपली, देणी सुरू झाली. "मुंबईच्या मसालेवाल्याला दिवाळीनंतर द्यायची हळद, दोन हजार क्विंटल, कराराचा भाव दोनशे नव्वद..."

इथं ते थांबले. मी वर पाहिलं. टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली होती.

"काय झालं?"

"आपल्याकडचा माल मी आजच्या भावानं धरला. चारशे. आन् जे द्यायचं हाय त्ये?"

"ते करारात लिहिलंय की. दोनशे नव्वद."

"लिवलंय कितीला त्ये सोडा!" ते जवळजवळ ओरडलेच. "चारशेची हळद दोनशे नव्वदला द्यायची हाय. क्विंटलमागं एकशे धाचा खड्डा. दोन हजार क्विंटल, दोन लाख ईस हजार. आन् शेअर दोन हजार." बोटांवर मोजायचीसुद्धा गरज नव्हती. शेअरमागं एकशे दहा. तीनशे चाळीसचे दोनशे तीस.

घेणं आजच्या डोळ्यानं बघितलं, देणं जुन्या डोळ्यानं. अठरा वर्षं ज्या चुकीसाठी ते दुसऱ्यांना टोचत आले, तीच त्यांनी स्वतः केली होती. आणि केरूच्या बायकोच्या बाजूनं केली होती.

मी म्हणालो, "संचालकांपैकी कुणाला कळणार आहे? लालासाहेब तर सभेत कागदाचा पंखा करतात." घरी शालूबाईही तेच म्हणाल्या. सोमवारी पहाटेच्या एसटीनं हिंदुराव साताऱ्याला गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं.

जाईबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोस्टकार्डाच्या भरवशावर त्यांनी घरमालकाला शब्द दिला होता, आणि वरच्या पैशात पायानं चालवायचं नवं मशीन बघून ठेवलं होतं.

"मशीन गेलं म्हना," त्या म्हणाल्या.

"गेलं, वैनी."

"खोल्या?"

"दोनशे तीस मंजूर झालं तर ब्याण्णवशे येत्यात. गाठीला काय हाय?"

"चारशे. आन् शंभर मंजूर झालं तर?"

हिंदुरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग मी येते मिटिंगला," जाईबाई म्हणाल्या.

सभा गुरुवारी दुपारी चारला भरली. लालासाहेब, दोन गप्प बसणारे संचालक, आणि दादासो बिरनाळे नावाचे हळदीचे जुने व्यापारी. दादासो सहसा बोलत नसत. तोंडात पान आणि मनात भाव असे. जाईबाई भिंतीकडच्या खुर्चीत, पदर घट्ट घेऊन. मी सभेचं इतिवृत्त, म्हणजे मिनिटं, लिहायला.

लालासाहेबांनी सुरुवातच केली. "शेअरवर शंभर छापलंय. वहिनींचे चार हजार होते, चार हजार मिळतील. कुणाचं काही बुडालं नाही. आणि परवाच्या सौद्यानं भाव बघितला तर शंभरसुद्धा जास्तच आहेत."

हिंदुरावांनी उभं राहून चिठ्ठीची गोष्ट सांगितली, मेहुण्याच्या नावासकट. मग दोन कागद ठेवले. एकावर तीनशे चाळीस, त्यावर काट मारलेली. दुसऱ्यावर दोनशे तीस. पहिला कागद कुणी मागितला नव्हता.

"म्हणजे तुम्ही चुकला होता!" लालासाहेब खुर्चीत पुढं आले. त्यांचा चेहरा पेढा मिळाल्यासारखा झाला. "एकदा चुकला, मग दुसऱ्यांदा बरोबर कशावरून? शंभर लिहा हो मिनिटात."

मी पेन उचललं नाही. एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"आवं चेरमनसायेब, एक इचारू का? शंभर ही बरोबर किंमत हाय न्हवं?"

"अगदी बरोबर."

"मग मला इकायचंच न्हाईत. मी घेते. तुमचं सोताचं हायेत न्हवं तीनशे शेअर? त्येच द्या. शंभरानं."

लालासाहेब हसले. "वहिनी, तीस हजार रुपये लागतील. आहेत का तुमच्याकडं?"

"तिच्याकडं नसू द्या," दादासो बिरनाळे म्हणाले, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण त्यांचा आवाज दिवाळी ते दिवाळी ऐकू येई. "माझ्याकडं हायेत. शंभरानं तुमचे तीनशे मी घेतो. आत्ता. कुठं सही करू?"

"तसं नाही दादासो..."

"दीडशेनंबी घेतो."

"अहो, पण मला विकायचे कुठं..."

"दोनशेनंबी घेतो. दोनशे वीसनं घेतो." दादासोंनी पान गालात सरकवलं. "अडीचशेनं मात्र न्हाई हो. अडीचशे कुणी देत असंल तर मीच माझे काढतो."

हिंदुरावांनी आयुष्यभर शोधलेला बाजार आज टॉवेल न टाकता, भर दुपारी, त्यांच्या टेबलावर येऊन बसला होता. लालासाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पुष्कळ माफ केलं आहे. ते मोठ्यानं हसले. "लिहा, दोनशे तीस! वीस मी घेतो, वीस दादासो घेतील. आणि मेहुण्याचं ते पेव परत फिरवतो. तसाही त्यानं अजून एक पैसा दिलेला नाही."

निघताना हिंदुराव जाईबाईंना म्हणाले, "वैनी, माज्या चुकीनं तुमचं मशीन गेलं."

"चुकला ते माज्या बाजूनं चुकला," जाईबाई म्हणाल्या. "आन् त्ये सांगाय चार तास एसटीत बसून आला. सांगितलं नसतं तर आज दोनशे तीसबी कुनी खरं मानलं नसतं. चला आता साताऱ्याला. घरमालक धाच म्हनतोय, त्येला नवावर आनायचा हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मीही गेलो. हिंदुरावांची किंमत ठरवण्याची पद्धत परक्या मुलुखात कशी चालते ते बघायचं होतं. घरमालक सयाजीबापू, निवृत्त सुभेदार. मिशांवरून वजन कळावं असे गृहस्थ. जाईबाईंनी सुरुवातीलाच नेम धरला: शेजारच्या दोन खोल्या मे महिन्यात नऊ हजाराला गेल्या आहेत, तशाच या.

सयाजीबापू गडबडले. "व्हय, गेल्या खऱ्या." सौदा नऊवर बसत आला होता. जाईबाईंनी मोठ्या भरवशानं हिंदुरावांकडं पाहिलं. आता नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं.

हिंदुराव उठले. भिंतीवर बोट वाजवलं, दाराची कडी सरकवली, मग रस्त्याकडच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जाईबाईंचं मशीन तिथंच होतं. 

"शेजारच्या खोल्यांना रस्त्याकडं खिडकी न्हाई," ते म्हणाले. "हिला हाय. दुपारपातुर उजेड. तीनशे जादा."

"भावजी!" जाईबाई म्हणाल्या.

"आता हाय त्ये हाय, वैनी."

सयाजीबापूंनी या माणसाकडं असं पाहिलं, जणू शत्रूच्या खंदकातून कुणी 'पाणी हवं का' असं विचारावं. "ह्ये कुनाच्या बाजूचं हो?" त्यांनी मला विचारलं.

नऊ हजार तीनशेवर सौदा झाला. दसऱ्याला चार दिवस उरले होते. जाईबाईंनी सयाजीबापूंना चहा दिला, मला दिला, आणि हिंदुरावांना बिनसाखरेचा दिला. हिंदुरावांनी एक घोट घेतला, सगळं ओळखलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता कप संपवला.

मग पुन्हा खिडकीकडं बघत म्हणाले, "तीनशे कमीच झालं, वैनी. उजेड लय चांगला येतोय."